द्वैती पल्सारच्या कक्षेवर भरतीचा परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्वैती पल्सार म्हणजे काय, आणि त्यात भरती कुठून आली?

पल्सार हा न्यूट्रॉन तारा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान जेमतेम २४ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेलं असतं. हा गोळा स्वतःभोवती फिरताना रेडिओ लहरींचा झोत अवकाशात फिरवतो, आणि तो झोत दर फेरीला पृथ्वीवरून सरकला की दुर्बिणीत एक ठोका नोंदला जातो. असा पल्सार आणि दुसरा एखादा तारा एकमेकांभोवती फिरत असतील तर तो द्वैती पल्सार. जोडीदार दुसरा न्यूट्रॉन तारा असेल, श्वेतबटू (इंधन संपून आकसलेला तारा) असेल, सूर्यासारखा किंवा त्याहून बराच मोठा साधा तारा असेल, नाहीतर झिजून झिजून उरलेला ताऱ्याचा गाभा असेल.

भरतीला समुद्र लागतोच असं नाही. कुठल्याही वस्तूच्या जवळच्या बाजूवर जोडीदाराची ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूवर कमी असते. या फरकामुळे वस्तू जोडीदाराच्या दिशेने ताणली जाते आणि तिला दोन्ही बाजूंनी फुगवटा येतो. पृथ्वीचा घट्ट खडकसुद्धा चंद्रामुळे वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होतो. तारा तर सगळाच्या सगळा तप्त वायूचा, त्यामुळे त्याला ताणणं फार सोपं.

पुढचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच मुद्द्यावर येतात, म्हणून तो आधीच सांगतो. द्वैती पल्सारमध्ये जाणवण्याजोगी भरती येते ती जोडीदाराला. पल्सार स्वतः इतका लहान आणि घट्ट असतो की कक्षेच्या हिशेबात तो एक बिंदूच धरता येतो. ती भरती मोजण्यासाठी लागणारं घड्याळ मात्र पल्सारच पुरवतो. निसर्गात इतकी सोयीची मांडणी क्वचितच सापडते.

फुगवटा आला म्हणून कक्षा का बदलावी?

याला दोन वेगळी कारणं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की पुढचं सगळं धूसर होतं.

पहिलं कारण आकाराचं. पूर्ण गोल वस्तूचं गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं आणि कक्षा बंद लंबवर्तुळ राहते. तारा लांबट झाला, किंवा स्वतःच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताशी फुगला, की हा नियम किंचित बिघडतो. मग लंबवर्तुळ जागच्या जागी हळूहळू वळत जातं आणि दोन ताऱ्यांमधला निकटबिंदू पुढे सरकतो. यात ऊर्जा खर्च होत नाही, कक्षा लहान किंवा मोठीही होत नाही.

दुसरं कारण घर्षणाचं. ताऱ्यातला वायू ढवळला जातो, त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि फुगवटा जोडीदाराच्या दिशेपासून जरा सरकलेला राहतो. तारा कक्षेच्या वेगापेक्षा जास्त वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर फुगवटा जोडीदाराच्या पुढे जातो, त्याला पुढे ओढतो आणि कक्षा मोठी होते. पृथ्वी-चंद्राचं हेच चाललं आहे. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. तारा मंद फिरत असेल, किंवा कक्षेच्या उलट दिशेने फिरत असेल, तर फुगवटा मागे राहतो, जोडीदाराला मागे खेचतो आणि कक्षा आकसते.

ऊर्जा जाते, पण एकूण कोनीय संवेग (ताऱ्यांचं स्वतःभोवतीचं आणि कक्षेतलं फिरणं मिळून होणारा फिरण्याचा साठा) कायम राहतो. दिलेल्या कोनीय संवेगात सर्वांत कमी ऊर्जेची कक्षा वर्तुळाची असते. भरती दीर्घकाळ चालली की कक्षा गोल होत जाते आणि ताऱ्याचं फिरणं कक्षेशी जुळतं, ते याच कारणाने. जुळण्याची ही अवस्था नेहमीच टिकते असं मात्र नाही. ताऱ्याच्या फिरण्यातला कोनीय संवेग कक्षेच्या कोनीय संवेगाच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल तर तोल सुटतो आणि कक्षा कोसळत जाते. हे जॉर्ज डार्विन यांनी १८७९ मध्ये दाखवलं होतं.

अंतराचा आणि आकाराचा परिणाम किती?

प्रचंड, आणि हा विषय समजून घ्यायचा तर सगळ्यात आधी हेच आकडे पाहावेत. ताणणारं बल अंतराच्या तिसऱ्या घाताने कमी होतं. त्या ताणामुळे आलेल्या फुगवट्याचा कक्षेवर उलटून होणारा परिणाम तर आणखी झपाट्याने घटतो. भरतीमुळे निकटबिंदू किती सरकेल हे ताऱ्याची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या या गुणोत्तराच्या पाचव्या घातावर ठरतं. कक्षा गोल व्हायला लागणारा काळ, निदान ज्या ताऱ्यांचा बाहेरचा थर उकळत्या वायूचा असतो त्यांच्यासाठी, याच गुणोत्तराच्या आठव्या घातावर ठरतो.

सूर्याची त्रिज्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या सुमारे ५८,००० पट. तिचा पाचवा घात घेतला तर एकावर तेवीस शून्यांपेक्षाही मोठी संख्या येते. कक्षा आणि वस्तुमानं तीच ठेवून न्यूट्रॉन ताऱ्याच्या जागी सूर्याएवढा तारा बसवला, तर केवळ त्रिज्येमुळे भरतीचा परिणाम इतक्या पटींनी वाढेल. श्वेतबटू अधेमधे बसतो: त्याची त्रिज्या दहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणून न्यूट्रॉन ताऱ्याशी तुलना करता फरक एकावर चौदा शून्यांइतका. जोडीदार कोणत्या जातीचा आहे एवढं कळलं की भरतीची चिंता करायची की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

हल्स-टेलर पल्सारची कक्षा आकसते ती भरतीमुळे का?

नाही. तिथे भरतीचा वाटा शून्याच्या इतका जवळ आहे की तो सोडून देता येतो, आणि त्या पल्सारचं मोल बरंचसं याच गोष्टीत आहे.

रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या दुर्बिणीतून पीएसआर बी१९१३+१६ सापडला (पीएसआर म्हणजे पल्सार, पुढचे आकडे त्याची आकाशातली जागा). तो दर ५९ मिलिसेकंदांनी ठोका देतो आणि ७.७५ तासांत जोडीदाराभोवती एक फेरी पुरी करतो. कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार, विकेंद्रता ०.६१७ (वर्तुळाची विकेंद्रता शून्य; ती एकाच्या जितकी जवळ तितकी कक्षा लांबट). निकटबिंदू दरवर्षी ४.२ अंशांनी पुढे सरकतो. बुधाच्या बाबतीत आइन्स्टाईनच्या व्यापक सापेक्षतेमुळे शंभर वर्षांत ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो, हे आठवलं म्हणजे ४.२ अंश किती मोठे ते कळतं.

शोधानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भरतीचा प्रश्न खराखुरा होता. जोडीदार दिसत नव्हता. तो साधा तारा असणं शक्य नव्हतं, कारण मग ग्रहण दिसलं असतं आणि निकटबिंदू कितीतरी जास्त वेगाने सरकला असता. पण हीलियमचा तारा किंवा वेगाने फिरणारा श्वेतबटू असता तर ४.२ अंशांतला काही भाग भरतीचा किंवा चपटेपणाचा निघाला असता आणि सापेक्षतेच्या कसोटीला अर्थ उरला नसता. हळूहळू इतर सापेक्षतावादी परिणाम मोजता आले, दोन्ही वस्तुमानं स्वतंत्रपणे ठरली (सूर्याच्या १.४४ आणि १.३९ पट) आणि सगळे आकडे एकमेकांशी जुळले. जोडीदार न्यूट्रॉन तारा मानला तरच हे जमत होतं.

अशा ताऱ्यावर भरती किती येते याचा अंदाज काढून पाहा. निकटबिंदूपाशी दोघांमधलं अंतर सुमारे साडेसात लाख किलोमीटर. त्रिज्या १२ किलोमीटर धरली तर त्रिज्या आणि अंतराचं गुणोत्तर लाखात १.६ येतं. त्याचा घन करून १२ किलोमीटरने गुणलं की फुगवट्याची उंची मिळते: एका मीटरच्या दहा अब्जाव्या भागाच्या निम्मी, म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या त्रिज्येएवढी. सूर्याहून जड तारा जवळून जातो आणि न्यूट्रॉन तारा एका अणूच्या त्रिज्येएवढा फुगतो! त्याला बिंदू का धरतात, हे इथे पटावं.

मग ती कक्षा कशामुळे आकसते, आणि इतका सूक्ष्म बदल मोजतात कसा?

गुरुत्वीय लहरी, म्हणजे फिरत्या वस्तुमानांमुळे अवकाशातच उठणारे तरंग, ऊर्जा वाहून नेतात म्हणून ती आकसते. फेरीचा काळ दरवर्षी सुमारे ७६.५ मायक्रोसेकंदांनी घटतो. व्यापक सापेक्षतेच्या भाकिताशी हा आकडा ०.२ टक्क्यांच्या आत जुळतो, आणि या कामासाठी हल्स आणि टेलर यांना १९९३ चं नोबेल मिळालं.

मोजणीची खुबी अशी की तफावत साठत जाते. वर्षात सुमारे १,१३१ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा ०.०६७५ मायक्रोसेकंदाने लहान असते. दहाव्या फेरीला दहापट, हजाराव्या फेरीला हजारपट. प्रत्येक फेरीत आधीची सगळी तूट जमेला असल्यामुळे एकूण तफावत फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढते. तीस वर्षांत सुमारे ३४,००० फेऱ्या होतात. त्यांचा वर्ग करून निम्मा करा आणि ०.०६७५ मायक्रोसेकंदाने गुणा. उत्तर जवळपास ३९ सेकंद येतं. तीस वर्षांनी पल्सार निकटबिंदूवर ३९ सेकंद लवकर पोचतो, आणि ही वेळ ज्या घड्याळाने मोजायची ते दर ५९ मिलिसेकंदांना ठोका देतं. म्हणून इथे धीर धरणाऱ्याला फळ मिळतं. दुप्पट काळ निरीक्षण केलं की हा संकेत चौपट होतो. भरतीचे परिणामही याच पद्धतीने पकडले जातात.

भरतीमुळे कक्षा बदलताना प्रत्यक्ष दिसलेला पल्सार आहे का?

आहे: पीएसआर जे००४५-७३१९. तो आपल्या आकाशगंगेत नाही, छोट्या मॅगेलनी मेघात, म्हणजे शेजारच्या एका लहान दीर्घिकेत आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीतून सापडला. १९९४ मध्ये व्हिक्टोरिया कास्पी आणि सहकाऱ्यांनी तो द्वैती असल्याचं दाखवलं. जोडीदार आहे सूर्याच्या जवळपास नऊ पट वस्तुमानाचा, निळसर बी वर्गाचा तारा. कक्षेचा काळ ५१ दिवस आणि विकेंद्रता ०.८१. पल्सार बराचसा काळ दूरवर काढतो आणि दर ५१ दिवसांनी ताऱ्याच्या अगदी जवळून, त्याच्या केंद्रापासून चार त्रिज्यांच्याही किंचित आतून, झपकन निघून जातो.

या कक्षेचा काळ दर फेरीला सुमारे १.३ सेकंदांनी कमी होतो. हल्स-टेलरच्या मायक्रोसेकंदांनंतर हा आकडा वाचून डोळे विस्फारतात. याच दराने चाललं तर पाच लाख वर्षांच्या आसपासच्या काळात कक्षेत आमूलाग्र बदल होईल, आणि ताऱ्याच्या वयाच्या मानाने तो काळ अत्यल्प आहे. इतक्या मोठ्या कक्षेत गुरुत्वीय लहरींचा वाटा नगण्य असतो. राहता राहिली भरती.

पण साध्या, संथ भरतीने हा वेग जमत नव्हता. इथे भरतीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. कक्षा गोल असेल तर फुगवटा जवळजवळ स्थिर उभा असतो आणि घर्षण हळूहळू काम करतं. ही संथ भरती. कक्षा अतिलंबवर्तुळाकार असेल तर प्रत्येक जवळच्या फेरीत ताऱ्याला एक झटका बसतो आणि टोल दिल्यानंतर घंटा थरथरत राहावी तसा तारा नंतर कितीतरी काळ आंदोलत राहतो. ही गतिक भरती. आंदोलनांची ऊर्जा कक्षेतून काढली जाते आणि ती ताऱ्यातच विरते, परत मिळत नाही.

डाँग लाय यांनी १९९६ मध्ये याच प्रकारचं स्पष्टीकरण मांडलं आणि त्यात एक महत्त्वाची अट घातली: तारा कक्षेच्या उलट दिशेने फिरत असला पाहिजे. तारा सरळ दिशेने वेगात फिरत असेल तर निकटबिंदूवरून जाणारा पल्सार आणि ताऱ्याचा पृष्ठभाग जवळजवळ बरोबरीने चालतात, झटका सौम्य बसतो. तारा उलटा फिरत असेल तर त्याच्या दृष्टीने पल्सार दुप्पट घाईने निघून जातो, जास्त वारंवारितेची आंदोलनं उठतात आणि ती जास्त ऊर्जा खातात. मग आकडे जुळू लागतात. ताऱ्याचे आतले आणि बाहेरचे थर वेगवेगळ्या गतीने फिरत असावेत, असंही पुढच्या कामात सुचवलं गेलं.

तारा उलटा किंवा तिरका फिरतो हे निरीक्षणातून कळतं का?

तिरकेपणा कळतो. वेगाने फिरणारा तारा विषुववृत्ताशी फुगीर असतो. त्याचा अक्ष कक्षेच्या प्रतलाला काटकोनात नसेल तर कक्षेचं प्रतलच भोवऱ्याच्या अक्षासारखं डोलतं, म्हणजे त्याचं परांचन होतं. आपल्याला दिसणारी कक्षेची रुंदी त्यामुळे वर्षागणिक बदलते आणि ठोक्यांच्या वेळांत ते उमटतं. कास्पी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जे००४५-७३१९ मध्ये हेच मोजलं.

याचा अर्थ भरतीपुरता राहत नाही. दोन तारे एकाच मेघातून जन्मले आणि एकमेकांना वस्तुमान देत-घेत वाढले तर त्यांचे अक्ष कक्षेशी जुळलेले असायला हवेत. इथे ते जुळत नाहीत. न्यूट्रॉन तारा जन्मताना सुपरनोव्हाचा स्फोट एकांगी झाला आणि त्या धक्क्याने कक्षा कलंडली, असा सरळ निष्कर्ष निघतो. भरतीचा अभ्यास करताना एका स्फोटाचा आकार कळावा, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ३.४ वर्षांच्या कक्षेतल्या पीएसआर बी१२५९-६३ मध्येही ताऱ्याच्या फुगीरपणाचा असाच परिणाम २०१४ मध्ये मोजला गेला.

मिलिसेकंद पल्सारच्या कक्षा इतक्या गोल का असतात?

मिलिसेकंद पल्सार म्हणजे काही मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारणारे पल्सार. त्यांच्या गोल कक्षा जुन्या भरतीच्या खुणा आहेत. आज जोडीदार श्वेतबटू असतो, पण कधीकाळी तो फुगलेला राक्षसी तारा होता. त्याने पल्सारला वायू दिला, त्या वायूने पल्सारचं फिरणं मिलिसेकंदांपर्यंत वेगवान केलं, आणि त्याच काळात ताऱ्याच्या प्रचंड त्रिज्येमुळे भरतीने कक्षा घासून गोल केली. आता तारा आटला, भरती थांबली, गोल कक्षा तशीच राहिली.

किती गोल? पीएसआर जे१९०९-३७४४ घ्या. कक्षा दीड दिवसाची, विकेंद्रता साधारण एक कोटीत एक भाग. आपल्याला मोजता येणारी पल्सारच्या कक्षेची त्रिज्या १.९ प्रकाशसेकंद, म्हणजे सुमारे ५ लाख ७० हजार किलोमीटर. या कक्षेचं केंद्र आणि नाभी यांच्यात फक्त साठेक मीटरचं अंतर पडतं. लांब अक्ष आणि आखूड अक्ष यांतला फरक काढला तर तो काही मायक्रोमीटर निघतो. इतकं अचूक वर्तुळ क्वचितच पाहायला मिळतं, आणि ते ताऱ्याच्या पोटातल्या घर्षणाने काढलेलं आहे.

मग विकेंद्रता अगदी शून्यच का होत नाही?

राक्षसी ताऱ्याच्या बाहेरच्या थरात वायूचे प्रचंड भोवरे सतत वरखाली होत असतात. त्यांच्यामुळे ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण थोडंसं हिंदकळतं आणि कक्षेला सतत बारीक धक्के बसतात. भरती विकेंद्रता कमी करते, भोवरे ती थोडी वाढवतात, आणि दोघांचा तोल जिथे साधतो तिथे कक्षा थांबते. ई. स्टर्ल फिनी यांनी १९९२ मध्ये या तर्कावरून असं भाकीत केलं की कक्षेचा काळ जितका मोठा तितकी उरलेली विकेंद्रता जास्त असेल. तोपर्यंत हाती आलेले आणि नंतर सापडलेले श्वेतबटूंसोबतचे बहुतेक मिलिसेकंद पल्सार ढोबळमानाने त्याच रेषेभोवती आहेत.

लंबवर्तुळाकार कक्षेतले मिलिसेकंद पल्सार सापडतात ते कसे?

गोलाकार तारकागुच्छांत तारे इतके दाटीने असतात की तिसरा तारा येऊन जोडी मोडतो आणि जोडीदार बदलतो. नवी जोडी भरतीच्या काळातून गेलेलीच नसते. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एनजीसी १८५१ या गुच्छात शोधलेला पीएसआर जे०५१४-४००२ए असाच आहे: दर पाच मिलिसेकंदांना स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे कधीकाळी भरपूर वायू मिळालेला, आणि तरी १८.८ दिवसांच्या कक्षेची विकेंद्रता ०.८९.

ब्लॅक विडो आणि रेडबॅक पल्सारच्या कक्षा कधी आकसतात, कधी वाढतात. तिथे काय चाललं आहे?

या जोड्यांत कक्षा काही तासांची असते आणि पल्सारच्या प्रारणाने जोडीदार भाजून निघत असतो. ब्लॅक विडोंचा जोडीदार सूर्याच्या काही शतांश वस्तुमानाचा असतो, रेडबॅकचा काही दशांश. पहिला ब्लॅक विडो, पीएसआर बी१९५७+२०, १९८८ मध्ये सापडला. पल्सार १.६ मिलिसेकंदांचा, कक्षा ९.२ तासांची. दर फेरीत जवळपास दहाव्या हिश्श्याइतका वेळ रेडिओ संकेत गायब होतो, कारण जोडीदाराच्या अंगावरून उडालेला वायू वाटेत येतो.

आधी वाटलं, कक्षेचा काळ कमी होतोय. मग १९९४ मध्ये लक्षात आलं की तो वाढू लागला आहे. गुरुत्वीय लहरी कक्षा फक्त आकसवतात, संथ भरती एकाच दिशेने काम करते, आणि वस्तुमान उडून जाण्याचा परिणामही एकाच दिशेचा. दिशा उलटसुलट बदलायची तर त्याला दुसरं काहीतरी हवं.

जेम्स ॲपलगेट आणि याकोब शाहम यांनी १९९४ मध्ये दिलेलं उत्तर असं. जोडीदाराच्या पोटात चुंबकीय चक्र चालतं, सूर्याच्या डागांचं चालतं तशा जातीचं. त्या चक्रात कोनीय संवेग आतल्या थरांतून बाहेरच्या थरांत आणि परत असा हलतो. बाहेरचा थर जोरात फिरू लागला की तारा जरा जास्त चपटा होतो, कक्षेच्या प्रतलातली त्याची ओढ किंचित वाढते आणि फेरीचा काळ घटतो. चक्र उलटलं की काळ वाढतो. बी१९५७+२० मध्ये हा फरक फेरीच्या काळाच्या एक कोटीत एक-दीड भाग इतकाच, तरी पल्सारच्या घड्याळासमोर तो लपत नाही.

या चक्राला ऊर्जा लागते, आणि इतक्या लहान ताऱ्याच्या गाभ्यात ती तयार होत नाही. त्या दोघांच्या मते ती भरतीतून येते. उडणारा वायू ताऱ्याच्या फिरण्याला ब्रेक लावतो, तारा कक्षेच्या मागे पडतो, भरती त्याला पुन्हा जुळवायला बघते आणि या ओढाताणीत ताऱ्याच्या पोटात उष्णता तयार होते. सगळ्याच ब्लॅक विडोंना ऊर्जेचा हा हिशेब पुरतो का, यावर अजून काम चालू आहे. २.४ तासांच्या कक्षेतला जे२०५१-०८२७ आणि फर्मी दुर्बिणीच्या गॅमा किरणांच्या नोंदींतून २०१५ मध्ये तपासलेला रेडबॅक जे२३३९-०५३३ हेही असेच हेलकावे दाखवतात.

अशा पल्सारच्या ठोक्यांच्या वेळांचा हिशेब ठेवणाऱ्यांची यामुळे फार दमछाक होते. काही महिने निरीक्षण हुकलं तर पुढचा ठोका कोणत्या फेरीतला, याचा मेळ बसवणं अवघड जातं.

भरती डोळ्यांनी दिसते का?

रेडबॅकच्या बाबतीत जवळजवळ हो. जोडीदार थेंबासारखा ताणलेला असतो. बाजूने पाहताना त्याचं क्षेत्रफळ जास्त दिसतं आणि टोकाकडून पाहताना कमी. म्हणून दृश्य प्रकाशात एका फेरीत तो दोनदा उजळतो आणि दोनदा मंदावतो. ब्लॅक विडोंत भाजलेल्या बाजूचा झगमगाट हा नमुना बहुधा झाकून टाकतो.

जोडीदार श्वेतबटू असेल तर सापेक्षतेच्या कसोट्या भरतीने बिघडतात का?

आतापर्यंत तरी नाही. जे०३४८+०४३२ ची कक्षा २.४६ तासांची आहे आणि फेरीचा काळ दरवर्षी सुमारे ८.६ मायक्रोसेकंदांनी घटतो. त्यात भरतीचा वाटा किती असू शकेल याचा हिशेब केला गेला आणि तो मोजणीच्या अनिश्चिततेपेक्षा कमी निघाला. जे११४१-६५४५ चं मात्र वेगळं आहे. तिथला श्वेतबटू स्वतःभोवती इतका वेगात फिरतो की त्याचा चपटेपणा आणि त्याने अवकाशाला दिलेला सापेक्षतावादी पीळ, दोन्ही मिळून कक्षेचं प्रतल हलवतात. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. काटेकोरपणे ही भरती नव्हे, पण गणितात दोघी शेजारी बसतात.

फेरीचा काळ बदलताना दिसला की भरती म्हणावं का?

घाई करू नये. पल्सार आकाशात आडवा सरकत असेल तर केवळ भूमितीमुळे काळ वाढल्यासारखा दिसतो (श्क्लोव्स्की परिणाम). आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याला आणि आपल्याला वेगवेगळं त्वरण मिळतं, त्याचाही खोटा वाटा असतो. हल्स-टेलरच्या कसोटीची अचूकता आज याच दुरुस्तीपाशी अडते. जोडीदार वस्तुमान गमावत असेल तर कक्षा खरोखर बदलते. हे सगळे वजा केल्यावर उरलेला बदल एका दिशेचा आहे की हेलकावणारा, आणि जोडीदार किती मोठा आहे, हे पाहूनच भरतीचं नाव घ्यावं.

पल्सारचं स्वतःचं फिरणं भरतीने मंदावतं का?

नाही. ते मंदावतं त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे.

दोन न्यूट्रॉन ताऱ्यांमध्ये भरती कधीच महत्त्वाची होत नाही का?

होते, पण अगदी अखेरीस. जे०७३७-३०३९ या दुहेरी पल्सारमध्ये, म्हणजे दोन्ही तारे पल्सार असलेल्या जोडीत, फेरी २.४५ तासांची आहे. १६ वर्षांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये दाखवलं गेलं की कक्षेचं आकसणं सापेक्षतेशी ०.०१३ टक्क्यांपर्यंत जुळतं. तिथेही भरतीचं नाव नाही. सुमारे साडेआठ कोटी वर्षांनी ते दोघे एकमेकांवर आदळतील. त्याआधीच्या शेवटच्या क्षणांत, अंतर ४० किलोमीटरवर आलं की आधीच्याच सूत्राने फुगवटा शेकडो मीटरचा निघतो. अणूच्या त्रिज्येपासून शेकडो मीटरपर्यंतची ही मजल त्या तिसऱ्या घाताची.

फुगवट्यात ऊर्जा गेल्यामुळे तारे जरा लवकर एकत्र येतात आणि गुरुत्वीय लहरींच्या शेवटच्या आंदोलनांत ते दिसतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी टिपलेल्या जीडब्ल्यू१७०८१७ या घटनेत हा ताण किती असू शकेल यावर वरची मर्यादा घालता आली. न्यूट्रॉन तारे फार फुगीर नसून त्यांची त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास आहे, याला त्यातून मोठा आधार मिळाला.

मोठ्या साध्या ताऱ्यांसोबतचे पल्सार इतके कमी का सापडतात?

जे००४५-७३१९ आणि बी१२५९-६३ यांच्याखेरीज जे१७४०-३०५२, जे२०३२+४१२७ असे मोजकेच ठाऊक आहेत. मोठे तारे अल्पायुषी असतात, त्यामुळे ही अवस्थाच थोडा काळ टिकते. कक्षा लहान असेल तर ताऱ्यावरून वाहणारा वायू रेडिओ लहरी गिळतो आणि पल्सार दिसतच नाही. कक्षा मोठी असेल तर भरती दुबळी पडते: जे२०३२+४१२७ ला एका फेरीला पन्नासेक वर्षं लागतात, आणि तो नोव्हेंबर २०१७ मध्ये ताऱ्याजवळून गेला तेव्हा रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंतच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या होत्या. भरतीच्या अभ्यासाला हवी असते मधली कक्षा, काही आठवड्यांची आणि चांगलीच लंबवर्तुळाकार. जे००४५-७३१९ तशी मिळाली. तसाच दुसरा सापडला तर पल्सारच्या घड्याळाने गतिक भरतीचा सिद्धांत आणखी एका ताऱ्यावर पडताळून पाहता येईल.